हळदीखालचा रंग

सांगलीतल्या त्या गोदामाचं दार सरकलं तेव्हा आधी वास बाहेर आला. हळदीचा वास. घरातल्या डब्याचं झाकण काढल्यावर येतो तो नव्हे. पोत्यांच्या थप्प्यांमधून भिंतीत मुरलेला, कोरडा, मातकट, श्वास घेतल्यावर घशाच्या मागच्या बाजूला कडवट होत जाणारा. त्या वासाच्या तळाशी आणखी एक वास होता आणि तो मला पहिल्याच श्वासात ओळखू आला. पेट्रोल टाकीत आटून आटून वार्निशासारखं चिकट झालं की त्याला असा आंबूस-गोडसर वास येतो. ज्यांना तो ठाऊक नसतो ते नाक दाबतात. मी पदर सावरून आत गेले.

रिकाम्या पोत्यांच्या ढिगाखाली ती होती. दोन माणसांपुरती, छप्पर नसलेली, जमिनीला लागून बसलेली जपानी स्पोर्ट्‌स कार. जपान अजून जगाला मोटारी विकायला शिकत होता त्या सुरुवातीच्या काळातली. तिच्या बांधणीत एक संकोच दिसतो: इंग्रजी गाड्यांकडे बघून काढलेली पुढची रेषा, आणि मागे जाता जाता त्या रेषेला सुचलेलं स्वतःचं काहीतरी. दुसऱ्याच्या वृत्तात लिहायला बसलेल्या कवीला तिसऱ्या कडव्यात आपला आवाज सापडावा, तशी. मी वर्षानुवर्षं कॉलेजात कविता शिकवली आणि वडिलांकडून, म्हणजे लष्कराच्या वाहन-वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या एका हवालदाराकडून, इंजिन शिकले. या दोन्ही शिक्षणांचा मला एकाच वेळी उपयोग व्हावा अशी ही जागा होती.

गाडीच्या मालकीणबाई दाराशीच खुर्ची टाकून बसल्या होत्या. सगळी पेठ त्यांना अक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांचे यजमान तरुणपणी मोंबासाला नोकरीला होते. परत येताना त्यांनी ही गाडी बोटीने आणली आणि मग घरच्या हळदीच्या व्यापारात पडले. ते गेल्यापासून गाडी इथेच होती. आता गोदाम पाडून तिथे शीतगृह बांधायचं ठरलं होतं, आणि व्यापार बघणारा त्यांचा पुतण्या पुण्याच्या एका संग्राहकाशी बोलून बसला होता. तो संग्राहक गाडी आपल्या दिवाणखान्यात काचेमागे ठेवणार होता.

"हात लावायच्या आधी ऐक," अक्का मला म्हणाल्या. "तू दुरुस्त करून आण. मी बघीन. आमच्यातली तीच असली, तर ती या घरात राहील. दुसरीच कुणी सजवून आणलीस, तर तो पुण्याचा न्यायला मोकळा."

"काकी, त्यांना रंग तरी सांगा," पुतण्या म्हणाला. गाडीवर आता लाल रंग होता, पण तो मूळचा नाही हे त्यालाही माहीत होतं. त्याच्याच लग्नाच्या वरातीसाठी कुणीतरी घाईघाईने तो फवारला होता.

"मला ठाऊक हाय रंग. पण मी सांगितला, तर मग ओळखायचं काय? माझंच सांगणं?"

"जुने फोटो असतील ना," मी विचारलं.

"हायत की. सगळे काळे-पांढरे." त्या पहिल्यांदा हसल्या. "त्यात मी बी गोरी दिसते."

असा तो करार झाला. त्यात पैज नव्हती, धमकी नव्हती. त्या बाईला आपली गाडी परत हवी होती आणि परत म्हणजे काय, हे तिने माझ्यावर सोपवलं होतं.

गाडी ट्रकवर चढवून कोरेगावला आणली. बाजारपेठेच्या मागे माझी शेड आहे. तिथे माझा मामेभाऊ आणि मी दोघं काम करतो. तोही फौजेतला, रणगाड्यांच्या इंजिनांवर अर्धं आयुष्य काढलेला. माझ्याहून लहान, म्हणून मला ताई म्हणतो, आणि लहान असल्याचा बाकी कोणताही पुरावा देत नाही.

"ताई, ही मोटार हाय का बुटाचा खोका?" ट्रकमधून ती उतरताना तो म्हणाला. "माझा एक पाय आत गेला तर दुसऱ्याला तिकीट काढावं लागंल."

"तुला कुणी बसायला सांगितलंय?"

"मग ट्रायल कोण घेणार? तुमी? साडी चाकात गेली म्हंजे?"

"माझी साडी तुझ्या मिशीपेक्षा ताब्यात असते," मी म्हणाले आणि बॉनेट उघडलं.

इंजिनबद्दल मला पहिल्या आठवड्यातच भरवसा वाटू लागला. त्या काळच्या जपानी कारागिरांनी इतक्या छोट्या पोलादात केलेली बारीक कामगिरी पाहून माझा भाऊसुद्धा गप्प झाला, आणि तो गप्प होणं हीच आमच्या शेडमधली मोठी दाद. फक्त स्क्रूंनी पहिल्याच दिवशी आम्हाला शिस्त लावली. जपानी स्क्रूच्या डोक्यावरची फुली आपल्याकडच्या फुलीसारखीच दिसते, पण तिचा तळ वेगळा कापलेला असतो. आपला स्क्रूड्रायव्हर घातला की तो नीट बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावताच उसळून बाहेर येतो. फुलीचे कोपरे झिजतात आणि स्क्रू कायमचा मुका होतो. मी चार स्क्रूड्रायव्हर घेतले, त्यांची टोकं कानशीने घासून तळाच्या मापाला आणली, आणि त्यानंतर एकही स्क्रू बिघडला नाही. शब्दाच्या बाबतीतही मला हेच वाटतं. जवळचा अर्थ बसल्यासारखा वाटतो तेव्हाच थांबावं.

सुट्या भागांच्या शोधात जपानमधल्या काही निवृत्त माणसांशी ओळख झाली. ते त्यांच्या भाषेत लिहीत, मी माझ्या, आणि मधे फोनमधलं भाषांतराचं यंत्र आपल्या मनाला येईल ते करी. क्लचच्या एका तबकडीबद्दल विचारलं तर उत्तर आलं, "ती स्त्री आता झोपलेली आहे, वसंतात पाठवू." भावाने ते वाक्य खडूने शेडच्या दारावर लिहून ठेवलं. तबकडी खरोखरच उन्हाळ्याच्या तोंडावर आली, कागदाच्या पट्ट्यांत इतकी सुबक गुंडाळलेली, की सोडवताना माझे हात आपोआप हळू झाले.

प्रश्न उरला तो रंगाचा.

दाराच्या कडेला आणि बॉनेटच्या मधोमध लाल थर घासून पाहिला. खाली पिवळा लागला. स्वच्छ, उबदार, सोनसळी पिवळा. त्याच्याही खाली फिकट हिरवट असं काहीतरी होतं, ते आम्ही अस्तर समजलो, कारण पत्र्याला गंज धरू नये म्हणून रंगाआधी दिलेला थर बहुधा असाच निस्तेज असतो.

"पिवळी," भाऊ म्हणाला. "संपला इषय."

तरी मी पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, "हो, पिवळीच होती. मी लहानपणी गोदामात लपाछपी खेळताना तिच्यात लपायचो ना. हातापायाला, चड्डीला पिवळं लागायचं. आई ओरडायची."

हे पिवळं लागण्याचं त्याने सांगितलं आणि मी ऐकलं. पण ते ऐकून मला काहीच सुचलं नाही. जुन्या गाडीचा रंग पावडर होऊन हाताला लागतो, हे मला अनुभवाने ठाऊक होतं, आणि अनुभव हा कधी कधी त्या चुकीच्या फुलीसारखा नीट बसतो. कराडच्या रंगवाल्याकडून मी पिवळा जुळवून घेतला. त्याने डबा उघडला तेव्हा वर तरंगणारी ती चकाकी पाहून मला फार बरं वाटलं. अशा पिवळ्यातून एखादी नवी नवरी मोंबासाहून आलेल्या नवऱ्याशेजारी बसून कृष्णेच्या पुलावरून गेली असेल, अशी एक ओळही मनात जुळली. ओळ चांगली होती, त्यामुळे मी जास्तच फसले.

रंग मारण्याच्या आदल्या दिवशी सकाळी सगळी बॉडी धुवायला काढली. पत्र्यावरचं तेल निघावं म्हणून आमच्याकडे धुण्याचा सोडा गरम पाण्यात कालवतात. फौजेतही भाऊ असंच करायचा. लाल थर आता बहुतेक उतरला होता आणि ऊन पडल्यावर ती गाडी झेंडूच्या ढिगासारखी दिसत होती. भावाने पहिली बादली बॉनेटवर ओतली.

पिवळं लाल झालं.

आधी कडांना, मग धारेच्या वाटेने, मग सगळीकडे. वरातीच्या रंगासारखं चकचकीत लाल नाही. गडद, ओलं, विटकरीकडे झुकणारं. भाऊ बादली घेऊन मागे सरला.

"ताई, रगत आलं हो हिला."

मी बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. ओलाव्यामुळे तो वास उलगडला होता. घशाच्या मागे कडवट होत जाणारा. माझ्या आजोळी ताटात हळद घेऊन तिच्यावर चुन्याची निवळी शिंपडायचे. कोरडी पिवळी पूड डोळ्यांदेखत लाल व्हायची आणि त्याचं कुंकू व्हायचं. हळद सोड्याला, साबणाला, चुन्याला भेटली की लाल होते. सकाळी हळदीचा हात साबणाने धुणाऱ्या कुठल्याही बाईला हे ठाऊक असतं.

"रक्त नाही," मी म्हणाले. "हळद आहे."

"कुणी लावली?"

"सांगलीनं."

मग दोघेही बराच वेळ हसलो. गोदामात पोती भरली जात होती, रिकामी होत होती, पूड हवेत उडत होती आणि उघड्या गाडीवर बसत होती. पत्र्यावरच्या जुन्या मेणात आणि तेलात ती मुरली. वरातीच्या घाईत कुणी धुतलीच नाही. तिच्यावरच लाल फवारला. हळद दोन रंगांच्या मधे पापडासारखी अडकून राहिली, आणि आम्ही दोघं, ज्यांच्या घरात रोज फोडणीला हळद पडते, तिला जपानी कारखान्याचा रंग समजून बसलो. बाहेरच्या गावच्या कुणालाही ही चूक करता आली नसती. त्यांच्या गाड्यांवर धूळ धुळीच्या रंगाची बसते.

"त्या पुतण्याची चड्डी," भाऊ डोळे पुसत म्हणाला. "तरी मी म्हणतो, गाडीचा रंग चड्डीला कसा लागतोय."

"तेव्हा म्हणाला असतास तर बरं झालं असतं."

"तवा मला इचारलं कुठं तुमी? तवा तुमी कवितेत होता."

हे खरं होतं आणि तो ते मनापासून म्हणत होता. मी माझे घासलेले स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीच्या मागे गेले. मागच्या दिव्यांखाली रबराच्या जाड गाद्या असतात. कारखान्यातून निघाल्यापासून हे दिवे कुणी काढले नव्हते. स्क्रूंच्या फुल्या अजून धारदार होत्या. एकेक स्क्रू फिरला. दिवा सुटला. रबर पत्र्याला चिकटलं होतं, ते मी नखाने, मग दोऱ्याने, मग श्वास धरून सोडवलं.

रबराच्या खाली, तळहाताएवढ्या जागेत, ऊन, हळद आणि वरात यांपैकी काहीच पोचलं नव्हतं. तिथे तो फिकट हिरवा होता. अस्तराला चमक नसते, याला होती. हुरड्याचा दाणा कणसातून नुकता चोळून काढावा, त्यात अजून दूध असावं, तो रंग. हिरवा म्हणावा तर पांढरा आणि पांढरा म्हणावा तर हिरवा. ज्या रंगावर आम्ही महिनाभर अस्तर म्हणून बोट ठेवत होतो, तोच.

भाऊ वाकून बघत राहिला. "शाळंच्या भिंतीला देत्यात तसला हाय. स्पोर्ट्‌स गाडीला असला रंग कोण देतं?"

"ज्यांना ओरडायचं नव्हतं ते देतात."

मी त्या जागेचा फोटो जपानला पाठवला. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. असा रंग सुरुवातीच्या गाड्यांना दिला जात असे आणि पुढे बंद झाला, असं त्या वृद्ध गृहस्थांनी लिहिलं होतं, आणि रंगाचं वर्णन यंत्राने मराठीत आणलं ते असं: "ही चहा होण्याआधीची हिरवी आहे." त्या यंत्राने केलेलं ते एकमेव निर्दोष भाषांतर.

पिवळा डबा भावाने त्याच्या गावच्या घरी नेला. तिथल्या गोठ्याचं दार आता दुरून ओळखू येतं. रबराखालच्या त्या तुकड्यावरून नवा रंग जुळवायला फार वेळ लागला. कराडच्या रंगवाल्याने तीनदा पांढरा जास्त टाकला आणि तीनदा मी डबा परत ठेवला. चौथ्या वेळी तो म्हणाला, "बाई, तुम्हीच ढवळा." मी ढवळला.

इंजिन शेवटी जुळवलं. या गाडीला दोन कार्ब्युरेटर आहेत आणि दोघांनी एकाच मापाने हवा ओढली पाहिजे, नाहीतर इंजिन लंगडतं. यंत्रं मिळतात त्यासाठी, पण मी वडिलांच्या पद्धतीने करते: रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. पहिल्याचा श्वास ऐकायचा, मग दुसऱ्याचा, आणि स्क्रू केसभर फिरवायचा. दोन्हीकडून एकच 'स' ऐकू येईपर्यंत. तो आला तेव्हा भाऊ बॉनेटवर पाण्याने भरलेला पेला ठेवून उभा होता. पाण्यावर एक बारीक वर्तुळ थरथरत होतं, तेवढंच.

"ठीक है," तो म्हणाला.

सांगलीला मी स्वतः चालवत नेली. भाऊ मागून जीपने येत होता, मदतीला म्हणे. मला वाटतं, ऐकायला. ऊसतोडणीचे दिवस होते. महामार्गावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर वाटेत होते आणि माझी खुर्ची इतकी खाली, की त्यांची चाकं माझ्या डोक्यावरून जात आहेत असं वाटत होतं. उघड्या गाडीत बसलं की रस्ता नाकाने कळतो. कराडच्या पुढे मळीचा उग्र वास, इस्लामपूरच्या अलीकडे कुठेतरी गुऱ्हाळाचा, उकळत्या रसावरच्या फेसाचा, आणि आष्ट्याच्या पुढे पेटवलेल्या पाचटाचा धूर. माणसं वळून बघत होती. एका ट्रॅक्टरवाल्याने वरून विचारलं, "आवं बाई, बाकीची गाडी मागनं येतीया का?"

मी निर्धास्त होते. रंग खरा होता, स्क्रू खरे होते, इंजिन आपल्या मूळ मापावर चालत होतं. मला जे शोधता येण्यासारखं होतं ते मी शोधलं होतं. तरी ओळखायचं अक्कांना होतं, मला नाही, आणि ती गोष्ट माझ्या कामाच्या बाहेर होती.

अंगणात पुतण्या उभा होता. गाडी फाटकातून आत येताच त्याच्या तोंडून निघालं, "पण ही तर..." आणि तो थांबला. मी त्याला हळदीची गोष्ट दोन वाक्यांत सांगितली. तो आपले तळहात बघत राहिला.

अक्का पायऱ्या उतरून आल्या. सुती साडी, दोन्ही खांद्यांवरून पदर. त्या गाडीभोवती फिरल्या नाहीत. पायरीच्या खाली उभ्या राहून त्यांनी बॉनेटकडे पाहिलं. मग मान तिरकी करून, उन्हाच्या अंगाने, पुन्हा पाहिलं.

"दुपारी पांढरी दिसायची," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी हिरवी. सासूबाई म्हणायच्या, ह्यांनी दोन गाड्या आणल्यात."

भाऊ फाटकाशी जीपला टेकून उभा होता. ऐकायला म्हणून त्याने जीपचं इंजिन बंद केलं होतं, हे मी मुद्दाम नोंदवते.

"सुरू कर."

मी किल्ली फिरवली. इंजिन लगेच सुरू झालं आणि खालच्या, सम आवाजात चालू राहिलं. अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांच्या कपाळावर हळूच आठी आली.

"हिला खोकला होता," त्या म्हणाल्या. "सुरू केली की दोन-तीनदा खोकायची. मग हे म्हणायचे, उठली बाई. आता खोकत न्हाई."

तो खोकला म्हणजे दोन कार्ब्युरेटरांमधला फरक होता, बहुधा मोंबासातच कुणीतरी चुकीचा स्क्रू फिरवल्याने आलेला. मी तो नळी कानाला लावून, मोठ्या अभिमानाने, नाहीसा केला होता. यजमानांनी तो कधी दुरुस्त केला नाही. करता आला नाही किंवा करावासा वाटला नाही.

"अक्का," मी म्हणाले, "तो आजार होता तिचा. हवा असला तर स्क्रू अर्धा फिरवते, परत खोकेल. पण कारखान्यातून आली तेव्हा ती अशीच बोलत होती. तुमच्याही आधी."

पुतण्याने माझ्याकडे पाहिलं. हे बोलायला नको होतं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. अक्कांनी डोळे उघडले.

"माझ्याही आधी," त्या म्हणाल्या. आणि मग, "जरा वाढव."

मी पाय दाबला. आवाज उंच गेला, एका ताणात, कुठेही न अडखळता, आणि पाय काढताच तसाच खाली आला.

"कवलापूरच्या जुन्या विमानपट्टीवर ह्यांनी मला शिकवलं," त्या कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाल्या. "म्हणायचे, खोकल्यामुळं हिला धावता येत न्हाई. बरी झाली तर वारा होईल. बरी काय झाली न्हाई तवा."

पुतण्या पुढे झाला आणि त्याने डावीकडचं दार अदबीने उघडून धरलं. "या काकी, बसा. एक चक्कर मारून आणतील त्या."

अक्कांनी चपला पायरीशी काढल्या. पदर ओढून कमरेला खोचला. उघड्या दाराकडे न बघता त्या बॉनेटला वळसा घालून, एक हात त्या हिरव्या पत्र्यावरून सरकवत, उजवीकडे माझ्यापाशी आल्या, आणि माझ्या बाजूचं दार उघडून मला म्हणाल्या, "उतर."